नाशिकच्या ग्रुप अ‍ॅडमिनना: त्या रात्री मी तो मेसेज काढला नाही

प्रति,
नाशिक शहर आणि जिल्ह्यातले सर्व ग्रुप अ‍ॅडमिन,
सोसायट्यांचे, मित्रमंडळांचे, दहावीच्या बॅचचे, भावकीचे, गल्लीच्या गणपतीचे.

सप्रेम नमस्कार.

पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचा मी सहा वर्षं अ‍ॅडमिन आहे. ११२ फ्लॅट, ग्रुपवर दोनशेच्या वर माणसं. अंबडला एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. मागच्या हिवाळ्यात माझ्या हातून एक गोष्ट करायची राहिली आणि त्यापायी एका माणसाने मार खाल्ला. म्हणून हे पत्र.

रात्री पावणेअकराला ग्रुपवर एक व्हिडिओ आला. वरच्या मजल्यावरच्या बाल्कनीतून काढलेला. खाली रस्त्याने एक माणूस सायकल हातात धरून चाललाय. कॅरिअरला कापसाचं पोतं, खांद्यावर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी लांब. कॅमेरा त्या लांब वस्तूवर जाऊन थांबतो. खाली मजकूर: सावधान, आपल्या भागात बांगलादेशी गादीवाल्याच्या वेशात रेकी करत आहेत, सोबत हत्यार आहे, सर्व ग्रुपवर पाठवा. मी पाहिला. खटकलाही. पण सकाळी सातला गिऱ्हाइकाचा माणूस जॉब तपासायला येणार होता. म्हटलं उद्या बघू, आणि मोबाइल चार्जिंगला लावून झोपलो.

सकाळी निघालो तर चौकाच्या अलीकडे गर्दी. आधी दिसला तो कापूस. रस्त्यावर, गटारीच्या जाळीवर, दुभाजकातल्या बोगनवेलीच्या काट्यांत अडकलेला. गर्दीच्या मधोमध तो माणूस, पन्नाशीचा, एक कान लालबुंद. हातातलं आधार कार्ड तो एकेकाच्या तोंडासमोर नेत होता आणि कुणी वाचत नव्हतं. फडक्यातली वस्तू रस्त्यात पडली होती, तिची तात तुटली होती. ते पिंजण होतं. कापूस पिंजायचं, धनुष्यासारखं. माझ्या पिढीने लहानपणी अंगणात त्याचा आवाज ऐकलाय. ज्या पोरांनी त्याला हत्यार म्हटलं त्यांनी ते कधी पाहिलंच नव्हतं. पोरं ओरडत होती, "बांगला बोल, बांगला बोल." आणि तो म्हणत होता, "मना गाव मालेगाव तालुकामा शे, भाऊ. मी काय करं?"

मी सटाण्याचा. माझी आई शेवटपर्यंत घरात अहिराणीच बोलली. बागलाण, मालेगाव, देवळा, कळवण इथल्या घराघरांत ही भाषा आहे. आपल्याच जिल्ह्यातली भाषा आपल्याच पोरांच्या कानाला परदेशी वाटली. माझ्या आईच्या बोलीत हात जोडणाऱ्या माणसाला ती पोरं "तुझ्या देशात जा" म्हणत होती. त्या क्षणी मला काय वाटलं ते मला नीट सांगता येणार नाही.

मी मध्ये पडलो. कुणीतरी फोन केला होता, दोन पोलीस आले, आधार पाहिलं, गर्दी पांगवली. त्याने तक्रार दिली नाही. म्हणाला, परत याच रस्त्याने धंदा करायचाय. मग आम्ही दोघं अर्धा तास कापूस वेचत होतो. निम्मा मातीत गेला होता.

व्हिडिओ काढणारा मुलगा आमच्याच बिल्डिंगचा, १९ वर्षांचा, इंजिनीअरिंगला. लहान होता तेव्हा माझ्या स्कूटरवर पुढे उभा राहून शाळेत जायचा. वाईट मुलगा नाही तो. संध्याकाळी त्याला गाठलं तर म्हणाला, "काका, मी कुठं मारलं? मी फक्त टाकलं." त्याला झापायला तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. मी तरी काय केलं होतं? मी फक्त राहू दिलं होतं.

मित्रांनो, कायद्याने हे आपल्या अंगावर येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ साली सांगितलं, की सदस्याने टाकलेल्या मजकुरासाठी केवळ अ‍ॅडमिन आहे म्हणून कुणाला आरोपी करता येणार नाही. दोघांचा हेतू एक होता असं दिसलं पाहिजे. निकाल मला योग्यच वाटतो. पण त्यामागचं एक कारण असं होतं, की सदस्य काय टाकतो यावर अ‍ॅडमिनचा ताबा नसतो. तेव्हा ते खरं होतं. पुढच्याच वर्षी व्हॉट्सअ‍ॅपने अ‍ॅडमिनला ग्रुपवरचा कुणाचाही मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायची सोय दिली. मेसेजवर बोट दाबून धरायचं आणि डिलीट. त्या रात्री मला दहा सेकंदं लागली असती.

पोलिसांना पत्र लिहायचं सोडून तुम्हाला का लिहितोय, असं कुणी म्हणेल. पोलिसांकडे अधिकार आहेत. द्वेष पसरवणाऱ्या भाषणांवर कुणाच्या तक्रारीची वाट न पाहता गुन्हा नोंदवा, असं सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये सगळ्या राज्यांना बजावलंय. गटागटांत वैर पसरवणाऱ्यासाठी भारतीय न्याय संहितेत कलम १९६ आहे. पण पोलीस येतात ते कापूस सांडल्यावर. रात्री पावणेअकरा ते सकाळी सात या वेळात त्या मेसेजपाशी जागा असू शकणारा माणूस एकच, अ‍ॅडमिन.

१ जुलै २०१८ आठवा. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आपल्या बागलाणच्या शेजारचा मुलूख. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, असे मेसेज कित्येक दिवस फिरत होते. मंगळवेढ्याकडून आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं रविवारच्या बाजारात दिसली. पिढ्यान् पिढ्या गावोगाव भिक्षा मागत फिरणारा समाज. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. त्याच रात्री मालेगावात याच अफवेवरून जमावाने एका कुटुंबाला घेरलं होतं, त्यांच्याबरोबर लहान मूल होतं. पोलिसांनी त्यांना कसंबसं वाचवलं. राईनपाड्याच्या खटल्यात २०२४ मध्ये सात जणांना जन्मठेप झाली. ज्यांनी ते मेसेज पुढे ढकलले त्यांची नावं कुणालाच माहीत नाहीत. ते बहुतेक आपल्यासारखेच असतील. घरी, जेवण झाल्यावर, मुलाबाळांच्या काळजीने.

त्यानंतर व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पुढे २०२० मध्ये, खूप वेळा फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी. तशा मेसेजवर दोन बाणांची खूण असते, ती बघत जा. आमच्या व्हिडिओवर मात्र ती खूण नव्हती. तो ताजा होता, घरचा होता, म्हणून जास्त खरा वाटला.

त्या मुलाच्या शेजारी बसून मी त्याचा फोन पाहिला. त्यानेच दाखवला, लपवलं काही नाही. तासभर आम्ही खाली सरकवत राहिलो. युरोपातल्या कुठल्याशा शहराची क्लिप, मग आसामची, मग मुंबईतल्या लोकलची, मग आपल्या शालिमारच्या बाजाराची. देश वेगळे, माणसं वेगळी, पार्श्वसंगीत एकच. आणि वाक्यही एकच, की 'ते' वाढत चाललेत आणि 'आपण' संपणार. हे वाक्य नाशिकमध्ये तयार झालेलं नाही. १५ मार्च २०१९ ला न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला एका माणसाने दोन मशिदींत ५१ जणांना मारलं आणि ते फेसबुकवर थेट दाखवलं. पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. त्याने आधी टाकलेल्या लांबलचक टिपणाचा गाभा हाच होता, बाहेरून आलेले लोक आपली जागा घेताहेत. कल्पना मूळ फ्रान्समधली. आणि तो स्वतः ऑस्ट्रेलियाहून येऊन न्यूझीलंडमध्ये राहिला होता.

हे वाक्य कुठल्याही गावाला चिकटतं, फक्त 'ते'च्या जागी नाव बदलायचं. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर आरक्षणाच्या वादात तेच झालं. ३५ वर्षं एका डब्यात जेवलेले मित्र मराठा आणि ओबीसी असे दोन ग्रुप करून बसले. द्राक्षबागांत छाटणीला येणाऱ्या पेठ-सुरगाण्याच्या कोकणा, वारली माणसांवर जे विनोद फिरतात, तेही याच जातीचे. दुसऱ्या बाजूच्या ग्रुपांवर दुसऱ्या दिशेने विष फिरतं, तेही मला लोकांनी दाखवलंय. हे पत्र त्या अ‍ॅडमिननाही आहे.

सगळं मोबाइलने केलं असं मात्र मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २००८ मध्ये आपल्याकडे स्मार्टफोन नव्हते. तरी परप्रांतीयांविरुद्धचं आंदोलन पेटलं त्या आठवड्यात नाशिकरोड स्टेशनवर हजारो उत्तर भारतीय कामगार मिळेल त्या गाडीने पळत होते. मी तेव्हा सातपूरला नोकरीत होतो. आमच्या शॉपमधली निम्मी यंत्रं पंधरा दिवस बंद होती आणि मालक स्वतः लेथवर उभा राहिला होता. त्यावेळच्या नाशिकमधल्या दगडफेकीत ज्याचा जीव गेला तो माणूस मराठीच होता. दगडाला भाषा कळत नाही. मोबाइलने त्या दगडाचा पल्ला वाढवला, एवढंच.

'मूळ नाशिककर कोण' हा प्रश्न ग्रुपांवर फार चालतो. चालू दे. पण त्याचं उत्तर द्यायच्या आधी एकदा त्रिरश्मीवर जाऊन या, आपण जिला पांडवलेणी म्हणतो तिथे. आमच्या सोसायटीच्या गच्चीवरून तो डोंगर समोर दिसतो. आपल्यातल्या किती जणांनी तिथले लेख पाहिलेत?

लेणी क्रमांक ३ मध्ये राणी गौतमी बलश्रीने आपल्या मुलाची, गौतमीपुत्र सातकर्णीची, कीर्ती कोरून ठेवलीय. शक, यवन (म्हणजे ग्रीक), पल्हव या बाहेरून आलेल्यांचा नाश करणारा. क्षहरात या शक घराण्याचा वंश निःशेष करणारा. चार वर्णांचा संकर थांबवणारा. शुद्धतेचा अभिमान ज्यांना आहे त्यांना यापेक्षा जुना पुरावा मिळणार नाही, आणि मीही तो लपवत नाही. आता दहा नंबरच्या लेण्यात चला. ते लेणं त्याच क्षहरात घराण्यातल्या नहपानाचा जावई उषवदात याने खोदवलं. तो शक. त्याने ३००० कार्षापण (त्या काळची नाणी) दान दिले आणि ते गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे संघांकडे, व्याजाने ठेवले, त्यातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या भिक्खूंची वस्त्रं व्हावीत म्हणून. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरजवळचंच गाव. पुढे गौतमीपुत्राने नहपानाला हरवलं, तरी हरलेल्याचे लेख खरवडून काढले गेले नाहीत. उलट उषवदाताकडे असलेलं शेत त्याने याच डोंगरावरच्या भिक्खूंना दिलं आणि तसं कोरून ठेवलं. सतरा नंबरचं लेणं उत्तरेकडच्या दत्तामित्रीहून आलेल्या एका यवनाने दिलंय, धर्मदेवाचा मुलगा इंद्राग्निदत्त. बाप धर्मदेव, आणि जात यवन!

माझं मन मात्र दहा नंबरच्याच लेण्यातल्या आणखी एका लेखात अडकलंय. तिसऱ्या शतकातला, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळातला. शक अग्निवर्म्याची मुलगी विष्णुदत्ता, स्वतःला 'शकनिका' म्हणवणारी, तिने तेली आणि इतर कारागिरांच्या श्रेणींकडे पैसे ठेवले. कशासाठी? त्रिरश्मीवरच्या आजारी भिक्खूंच्या औषधासाठी. शकांचा नाश केल्याचा लेख तिच्या आधीपासून त्याच डोंगरावरच्या तीन नंबरच्या लेण्यात होता. ती त्या डोंगरावर गेली तेव्हा तिने तो पाहिला असेल, कुणी वाचून दाखवला असेल. तरी तिने आपलं शकपण लपवलं नाही आणि औषधाचे पैसेही थांबवले नाहीत. तिचं नाव विष्णुदत्ता, दान बौद्ध भिक्खूंना, राजा आभीर, पैसे सांभाळणारे नाशिकचे तेली. यातलं मूळ नाशिककर कोण ते ग्रुपवर कुणीतरी मला सांगावं.

आणि संकर थांबवणाऱ्या त्या सातवाहन घराण्यात पुढे सून आली ती क्षत्रपाची, म्हणजे शक राज्यकर्त्याची, मुलगी. कान्हेरीच्या लेखात तसं आहे.

फार जुनं नको असेल तर शरणपूर रोडला या. आज तिथे शोरूम आणि बँका आहेत. नाव पडलं ते १९ व्या शतकात मिशनऱ्यांनी वसवलेल्या शरणपूर वस्तीवरून. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे राहिली, शिकली. त्यांतलाच एक जेकब वेनराइट. आफ्रिका धुंडाळणारा मिशनरी डॉ. लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या आतल्या भागात वारला, तेव्हा त्याचा देह समुद्रापर्यंत वाहून आणणाऱ्यांत तो होता, आणि १८ एप्रिल १८७४ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेमध्ये त्या पेटीला खांदा देणाऱ्यांतही होता. आपल्या गावात शिकलेला मुलगा. आपल्या गावाने कधीकाळी इतक्या लांबच्या लेकरांना जागा दिली होती, हे आमच्या बिल्डिंगमधल्या त्या मुलाला कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही.

आणि काळाराम मंदिर. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला, दादासाहेब गायकवाडांनी तो वर्षानुवर्षं लढवला, आणि दार उघडलं नाही. शेवटी १३ ऑक्टोबर १९३५ ला आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात बाबासाहेबांनी धर्म सोडायचा निर्धार जाहीर केला. ज्यांना दाराबाहेर ठेवलं ते कुठून बाहेरून आलेले नव्हते. या मातीतलेच होते. बाहेरचा कोण हे ठरवायची सवय एकदा लागली की ती बाहेरच्यांपाशी थांबत नाही; ती मालेगाव तालुक्यातल्या पिंजाऱ्यापर्यंत येते, सटाण्याच्या अहिराणीपर्यंत येते.

यावर वाद घालू नका असं मी म्हणत नाही. दुकानांच्या पाट्या मराठीत हव्यात, बँकेत मराठीत बोललं गेलं पाहिजे, एमआयडीसीत स्थानिक पोरांना काम मिळालं पाहिजे, हे माझंही म्हणणं आहे. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८० टक्के स्थानिक घ्यायचे हे शासनाचं धोरण आहेच. ते पाळलं जातं का, हे खुशाल विचारा. माझ्या वर्कशॉपमध्ये येऊन विचारा. माझ्याकडे दोघं आझमगडचे, एक सुरगाण्याचा, तिघं सिडकोतले आहेत. बेकायदा राहणारा परदेशी कुणी असेल तर त्याची चौकशी पोलीस करतील, कायदा आहे. पण धोरणावर भांडणं वेगळं आणि रस्त्याने चाललेल्या माणसाचा चेहरा दोनशे जणांपुढे टाकणं वेगळं. चेहरा आला, गाडीचा नंबर आला, 'यांना ओळखा' आलं, की तिथे वाद संपला आणि शिकार सुरू झाली. अ‍ॅडमिनने तेवढी रेघ ओळखावी.

माझं मागणं फार नाही. असा मेसेज दिसला की उद्यावर टाकू नका, त्याच रात्री काढा. काढल्यावर गप्प बसू नका. का काढला ते दोन ओळींत लिहा, नाहीतर लोक म्हणतात अ‍ॅडमिन विकला गेला. मला तसं म्हटलंय, सहा जण ग्रुप सोडून गेले, त्यातले चार परत आले. ज्याने टाकला त्याला ग्रुपमधून काढून टाकायची घाई करू नका. आमच्या मुलाला मी काढलं असतं तर तो त्याच रात्री दुसऱ्या कुठल्यातरी ग्रुपवर गेला असता, जिथे त्याला थांबवणारं कुणी नाही. त्याला फोन करा, घरी जा, चहा प्या. विचारा, कुठला व्हिडिओ, कधीचा, हा माणूस काय म्हणतोय ते तू ऐकलंस का? ग्रुपला सरसकट कुलूप लावून फक्त अ‍ॅडमिन बोलणार असंही करू नका. त्याने राग जिरत नाही, तो दुसरीकडे जातो.

आणि हे आत्ताच सुरू करा. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत देशभरची माणसं येतील. न कळणारी भाषा बोलणारी, न पाहिलेल्या वस्तू खांद्यावर घेऊन चालणारी माणसं या शहराच्या रस्त्यांवर लाखांनी असतील, आणि प्रत्येक बाल्कनीत एक कॅमेरा असेल.

तो पिंजारी त्यानंतर आमच्याकडे आलेला नाही. त्याचा नंबर मी त्या सकाळीच घेतला होता. गेल्या महिन्यात दोन गाद्या टेम्पोत टाकून मी आणि तो मुलगा त्याच्या गावी गेलो. मुलगा वाटेत काही बोलला नाही. तिथे त्याने स्वतः गाद्या उतरवल्या. पिंजणाला नवी तात लावलेली होती. मुलाने हात लावून बघू का विचारलं, त्यांनी त्याच्या हातात दिलं, कसं धरायचं ते दाखवलं. निघताना मी म्हटलं, नाशिकला या. ते म्हणाले, दिवाळीच्या आधी येतो, पण तुम्ही गेटवर उभे राहणार असाल तर. मी हो म्हटलंय. तुमच्यापैकी जे पाथर्डी फाट्याच्या आसपास राहतात त्यांनीही त्या दिवशी सकाळी या, आणि येताना घरातल्या जुन्या गाद्या घेऊन या.

आपला,
एका सोसायटीचा ग्रुप अ‍ॅडमिन
पाथर्डी फाटा, नाशिक